माउलीचं पथ्य

बेबाबाईच्या पोटात अकरा वर्षं दुखत होतं आणि त्यावर घरात एकच औषध ठरलेलं होतं, ते म्हणजे ओवा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कोनाडा होता, कोनाड्यात पितळी डबी होती आणि डबीत ओवा होता. पोटाशी हात धरून ती चुलीपुढून उठली की तिचा नवरा शालिग्राम बैठकीतून मान न वळवता म्हणे, "ओवा चाव." त्याच्या बोलण्यात राग नसे, काळजीही नसे. दारातल्या भिकाऱ्याला 'पुढं जा' म्हणावं, तसं ते असे.

रावेरपासून दोन कोसांवर वडझिरी नावाचं गाव. तिथं शालिग्राम चौधरीची केळीची बाग, दोन विहिरी, चार बैल आणि घरात खाणारी अकरा तोंडं. बेबाबाई बारावी, पण तोंडं मोजताना तिला कुणी धरत नसे. आधी शालिग्राम आणि त्याचा चुलता जेवत, मग मुलगे, मग अंगणात वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार गडी भटू, मग सासू इंदिराबाई आणि लेकी, मग दिवस गेलेली सून सुनंदा. रीतीप्रमाणं शेवटची पाळी सुनेची होती. पण पोटुशी पोर उपाशी ठेवायची कशी, म्हणून बेबाबाईनं ती पाळी स्वतःकडेच ठेवली होती.

या सगळ्यांचं आटोपेपर्यंत ऊन माथ्यावर येई. मग ती तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची वातड भाकरी आणि पाट्याला चिकटलेला ठेचा घेऊन उंबऱ्याशी टेके. अर्धी भाकरी होते न होते तोच कुणीतरी हाक मारी. ती उठे. परत येईतो भाकरीचं लाकूड झालेलं असे. पाण्यात बुडवून ती कशीबशी संपवायची, की दोन घटकांनी पोटात पीळ पडायला सुरुवात. मग जात्याचा खुंटा पोटाशी दाबून ती दळत बसे. तेवढंच बरं वाटे.

उपचार झाले नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये. दुखणं सुरू झालं त्याच साली इंदिराबाईंनी गावातल्या कौतिकबाईला बोलावलं होतं. कौतिकबाई बैलांना आणि बायकांना एकाच सळईनं डाग देई. बेबाबाईच्या पोटावर तिनं चार डाग दिले. डाग राहिले आणि दुखणंही राहिलं. पुढं एकदा बेबाबाईनं जळगावच्या दवाखान्यात नेता का म्हणून नवऱ्याला विचारलं होतं. शालिग्राम म्हणाला होता, "आता केयीचा हंगाम हाये." त्याच्या केळीचा हंगाम वर्षाचे बाराही महिने असे.

ही गोष्ट इंग्रज-जर्मन लढाईच्या चौथ्या वर्षातली. मालगाडीच्या डब्यांना स्टेशनात सगळे वाघिणी म्हणत, आणि त्या वाघिणी पलटणीच्या सामानाला लागल्यामुळं केळीला मिळेनाशा झाल्या होत्या. घड उतरवून ठेवावे तर स्टेशनावरच पिकून काळे पडत. वाघिणी वाटणारा पार्किनसाहेब भुसावळला बसे. शालिग्रामनं धोतर-कोट-टोपी चढवली, निवडक केळीची एक पाटी भटूच्या डोक्यावर दिली आणि साहेबाचा बंगला गाठला.

साहेबानं वाघिणींबद्दल चकार शब्द काढला नाही. साहेब आणि मडम दीड महिन्याच्या रजेवर निघाले होते, आणि मडमेच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तिच्या अडीच महिन्यांच्या कुत्रीला कुठं ठेवायचं हे ठरत नव्हतं. शिपायाकडून एवढं कळताच शालिग्राम हात जोडून पुढं झाला. "हुजूर, माझ्या घरी ठेवतो. लेकीसारखी." शिपायानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाला, "थँक्यू." बस्स, एवढंच. पण शालिग्रामनं त्या एका शब्दात चार वाघिणी भरलेल्या पाहिल्या. वाघिणीसाठी कुत्री घरी आणणारा हा खानदेशातला पहिलाच पुरुष असावा.

कुत्री वेताच्या टोपलीत, रेशमी गादीवर बसून आली. तपकिरी, लोंबत्या कानांची, डोळे मात्र माणसासारखे. शिपायानं तिचं नाव 'मॉली' सांगितलं होतं. शालिग्रामनं ते भुसावळपासून घोकत आणलं, आणि वाटेत कुठंतरी त्याचं जे व्हायचं ते झालं. अंगणात बैलगाडी थांबताच त्यानं मोठ्यानं जाहीर केलं, "हिचं नाव माउली."

इंदिराबाईंच्या हातातली माळ थांबली. "कुत्रीले माउली म्हनतो? जीभ झडो तुझी!"

"मी नाही ठेवलं. साहेबानं ठेवलं," शालिग्राम म्हणाला. "साहेबही देवधर्म मानतो, म्हणून तर राज्य करून ऱ्हायला."

हे उत्तर म्हातारीला पटलं. इतकंच नव्हे, दोन दिवसांत तिनं स्वतःच हाक मारायला सुरुवात केली, "ये गं माउली, ये." एकदा तोंडात ते नाव बसल्यावर त्या जिवाला उपाशी ठेवणं कुणाच्याच्यानं होईना. त्यात आणखी एक भानगड होती.

आपण जेवत असताना कुणी टक लावून बघितलं तर अन्नाला दीठ लागते आणि मग आपलं पोट दुखतं, हे वडझिरीत लहान पोरालाही ठाऊक होतं. त्याला तोड एकच. बघणाऱ्याच्या पुढ्यात आधी एक घास टाकायचा. माउलीला दुसरा उद्योगच नव्हता. ती प्रत्येक पंगतीसमोर बसे आणि ते माणसासारखे डोळे लावून बघे.

"एक घास टाक तिच्यापुढी," इंदिराबाई म्हणत. "डोये कसे लावून बसली, पहा. दीठ लागीन."

तेव्हा शालिग्राम तुपात कुस्करलेली बट्टी टाकी. चुलता वांग्याच्या भरताचा गोळा टाकी. मुलगे शेवेच्या भाजीतली शेव टाकत, लेकी पिकलं केळं देत, भटू कांदा-भाकर देई, आणि सणाच्या दिवशी म्हातारीनं पुरणाचा अख्खा मांडाच दिला. अकरा माणसं आपापल्या पोटाची काळजी घेत होती. ती सगळी काळजी वीतभर कुत्रीच्या पोटात जात होती.

एकटी बेबाबाई तिला काही देत नव्हती. ती जेवायला बसे तेव्हा द्यायला काही उरतच नसे. आणि खरं तर तीसुद्धा रोज अकरा जणांपुढं उभी राहून त्यांचं जेवण बघत असे. पण तिची दीठ लागेल अशी भीती कुणाला कधी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी माउलीचं पोट बिघडलं. आधी ओट्यावर झालं, मग बैठकीत, मग शालिग्रामच्या पांढऱ्या गादीवर. भटू अमळनेरकडचा, त्याची बोली वेगळी. तो धावत येऊन सांगू लागला, "आबा, हाई माउलीना पोटमा काहीच ऱ्हायनं नई! बठ्ठं बाहेर ई ऱ्हायनं!"

"ओरडू नको," शालिग्राम म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. त्याच्या डोळ्यांपुढं कुत्री नव्हती. स्टेशनावर काळे पडणारे घड होते.

पुसायचं काम अर्थातच बेबाबाईकडं आलं. राखुंडी टाकून सारवायचं, गादीची खोळ धुवायची, कुत्रीचं मागलं अंग कोमट पाण्यानं पुसायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. पहिले दोन दिवस तिनं कुत्रीला मनातल्या मनात चांगल्याच शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ती दळायला बसली, तर माउली लटपटत आली आणि तिच्या मांडीला पोट टेकवून पडली. ते पोट आतून मुरडत होतं. बेबाबाईच्या हाताला ते लागलं आणि तिनं जातं थांबवलं. ही कळ तिच्या ओळखीची होती. "तुलेही?" ती म्हणाली. त्या दिवसापासून माउली तिचा पदर सोडीना.

मग घरानं उपचार आरंभले. बेबाबाई ते चुलीपाशी बसून बघत होती, आणि अकरा वर्षांत आपल्याला न दिसलेल्या कितीतरी वस्तू या घरात होत्या असं तिला कळत होतं. शालिग्राम स्वतः रावेरला जाऊन हिंग घेऊन आला. चुलत्यानं बेलफळाचा मुरंबा काढला. तो त्यानं आजवर कुलपात ठेवला होता. सागरगोटा उगाळला गेला, डिकेमाली उगाळली गेली, जायफळ उगाळलं गेलं. इंदिराबाईंनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शालिग्राम दर तासाला येऊन विचारी, "आता कसं वाटतंय तिले? काही खाल्लं का? माउली जेवली का?" एवढ्या मायेनं त्याला कुणाची विचारपूस करता येते हे बायकोला लग्नाच्या बाविसाव्या वर्षी समजलं.

आणि औषध पोटात जाऊन अर्धा तास होतो न होतो तोच पंगत बसे, माउली टक लावी आणि पुन्हा अकरा घास पडत. जुलाब थांबतील कसे?

दोन आठवड्यांत तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेवटी इंदिराबाईंनी कौतिकबाईला निरोप धाडला. ती आली, तिनं चुलीत सळई सारली, आणि लाल झाल्यावर फडक्यात धरून बाहेर काढली. भटूनं माउलीला पालथं धरलं. बेबाबाईचा हात आपसूक आपल्या पोटावर गेला. ती बोलण्यासाठी उठणार, तेवढ्यात शालिग्राम बैठकीतून उडी मारूनच आला आणि त्यानं कौतिकबाईचं मनगट पकडलं.

"थांब! येडी झाली का तू? जिवंत कातडीवर तापलेलं लोखंड? किती दुखीन त्या जिवाले! आणि डाग दिसला तर साहेब काय म्हनीन?"

कौतिकबाईला काही समजेना. "आबा, तुमच्या घरात मी हाच डाग..." असं म्हणून तिनं बेबाबाईकडं बघितलं.

"ते येगळं," शालिग्राम म्हणाला.

बेबाबाईनं माउलीला भटूच्या हातातून घेतलं, आत नेलं आणि बराच वेळ धान्याच्या कोठीला टेकून बसली. तिला रडू आलं नाही, राग आला. तो इतका स्वच्छ आणि इतका जुना होता, की आपण तो एवढी वर्षं कुठं ठेवला होता याचंच तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी शालिग्रामनं ठरवलं की माउलीला जळगावला जनावरांच्या सरकारी डॉक्टरकडं न्यायचं. केळीचा हंगाम होताच, पण तो थोडा बाजूला सरकला. अडचण एवढीच की कुत्री बेबाबाईशिवाय कुणाकडं थांबेना, आणि आगगाडीत तिनं काही केलं तर पुसणार कोण? तेव्हा बेबाबाईलाही नेणं भाग पडलं. जळगावला जायची तिची इच्छा अशी पुरी झाली. पेशंट म्हणून नव्हे, पेशंटची मोलकरीण म्हणून.

दवाखान्याच्या आवारात एक मोडक्या शिंगाचा बैल आणि दोन म्हशी आधीपासून उभ्या होत्या. बन्सीलाल डॉक्टर वयस्क माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी माउलीच्या हिरड्या पाहिल्या, कातडी चिमटीत धरून सोडली, पोट चाचपलं.

"खायला काय देता?"

"काही कमी नाही, डॉक्टरसाहेब," शालिग्राम छाती पुढं काढून म्हणाला. "तूप, बट्टी, पुरण, भरीत. राजेशाही ठेवली आहे."

"देतं कोण?"

बेबाबाई पदराआडून म्हणाली, "अकरा जन देतात. आपल्याले दीठ लागू नये म्हनून."

डॉक्टर खो खो हसले. "म्हणजे हिला रोग नाही, हिचा पाहुणचार झाला आहे. अकरा जणांच्या पोटात दुखू नये म्हणून या एकटीच्या पोटात दुखतं." हसता हसता त्यांची नजर बेबाबाईवर गेली. ती हसत नव्हती. त्या वाक्यापाशी ती कुठंतरी अडकून पडली होती.

"बरं, दुखतं केव्हा?" डॉक्टरांनी कागद ओढला. "खाल्ल्याबरोबर की उशिरानं?"

"दोन घटकांनी," बेबाबाई म्हणाली.

"कुठं?"

"मधोमध. बेंबीच्या वर. उपाशी राहिलं का जास्त. शियं खाल्लं का आग होते, आणि दाबून धरलं का थोडं बरं वाटतं."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "बाई, हे सगळं कुत्री सांगते तुम्हांला?"

"तिचंच, तिचंच सांगून ऱ्हायली ती," शालिग्राम घाईनं म्हणाला. "रात्रंदिवस तिच्यापाशीच असते ना."

डॉक्टर त्याच्याकडं न बघता बोलले. "उपचार काय झाले आजवर?"

"हिंग झाला, बेल झाला..." शालिग्रामनं यादी सुरू केली.

"डाग," बेबाबाई म्हणाली. "चार."

डॉक्टरांनी माउलीला उलटं केलं. गुलाबी, कोवळं, डाग नसलेलं पोट. त्यांनी ते बघितलं, मग बेबाबाईकडं बघितलं, आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," ते सावकाश म्हणाले. "माणसांना औषध देण्याची मला परवानगी नाही."

"बरोबर आहे," शालिग्राम म्हणाला. "कुत्रीचंच द्या."

"पण पथ्य कुणालाही लिहून देता येतं. नाव काय लिहू?"

"माउली."

डॉक्टर लिहीत राहिले. एका कुत्रीच्या मानानं त्यांनी पुष्कळच लिहिलं. मग कागदाची घडी करून ती शालिग्रामच्या हाती न देता बेबाबाईच्या हाती दिली.

शालिग्रामला अक्षरओळख सहीपुरती होती. घरी आल्यावर त्यानं सगळ्यांना बैठकीत जमवलं आणि चिठ्ठी सुनंदाला वाचायला लावली. भुसावळच्या शाळेत सहा यत्ता झालेली ती एकटीच होती. ती वाचू लागली.

"माउली. पोटाचा जुना विकार. सकाळी नऊला आणि सायंकाळी सहाला ऊन ऊन तांदळाची पेज, मीठ बेताचं. आठ दिवसांनी ताकभात. तिखट, शिळं, उरलंसुरलं कायमचं बंद. वाढणारं माणूस एकच असावं. जेवण बसून आणि दार लावून. जेवत असताना कुणी समोर उभं राहू नये, हाक मारू नये..."

सुनंदा थांबली.

"पुढी वाच," शालिग्राम म्हणाला.

"...काम सांगू नये. डाग पुन्हा देऊ नयेत. हे पथ्य जन्मभराचं आहे."

बैठकीत सगळे एकमेकांकडं बघू लागले. इंदिराबाईंनी नाक मुरडलं. "कुत्रीले कोन काम सांगतं? आणि ती काय उभ्यानं जेवते?"

सुनंदानं वर पाहिलं. बेबाबाई दाराआड उभी होती आणि तिनं तोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता. या घरात आल्यापासून बेबाबाईला हसताना सुनेनं पाहिलं नव्हतं, म्हणून हे हसू आहे हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

शालिग्रामलाही ती ओळ खटकली होती. पण त्याचा एक स्वभाव होता. बायकोचं बोलणं तो कधी ऐकत नसे आणि छापील किंवा लिहिलेला कागद कधी मोडत नसे. "सरकारी डॉक्टरचं लिहिणं हाये," त्यानं बजावलं. "त्यात अक्षराचाही बदल होनार नाही. उद्या साहेबानं विचारलं तर? बेबाबाई, तूच तिले जेवू घाल. त्या वेयेला कोनी त्या दाराशी गेलं तर माझ्याशी गाठ हाये."

असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि स्वतःच्या वजनानं पाळायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनाकडून नऊच्या गाडीची शिटी ऐकू आली की बेबाबाई पेजेचं पातेलं घेऊन कोठीच्या खोलीत जाई आणि आतून कडी लावी. पातेलं कुत्रीच्या मानानं मोठं असे. आत दोन वाडगे होते. एक माउलीपुढं, एक तिच्यापुढं. पाट मांडून, मांडी घालून, ऊन ऊन पेज वाडग्यानं प्यायची. पहिल्या दिवशी तिला सवयीनं दर घासाला हाक ऐकू आल्याचा भास झाला आणि ती तीनदा उठली. बाहेर शालिग्राम कुणावर तरी खेकसत होता, "गप बसा! माउली जेवून ऱ्हायली!" ती पुन्हा बसली.

चौथ्या दिवशी माउलीचं पोट आवळलं. आठव्या दिवशी ती अंगणात कोंबड्यांच्या मागं धावली. ताकभात सुरू झाल्यावर तिच्या अंगावर तकाकी आली. शालिग्राम चावडीवर सांगत सुटला की कुत्र्याचं पोट ही मोठी नाजूक वस्तू आहे, त्याला वेळच्या वेळी, गरम आणि शांतपणे खायला मिळालं पाहिजे, साधी गोष्ट आहे पण लोकांना कळत नाही. लोक माना डोलवत.

बेबाबाईच्या पोटाचं कुणी विचारलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात एकदा दळताना तिच्या ध्यानात आलं की खुंटा पोटाला लागलेला नाही. ती ताठ बसून दळत होती. किती दिवसांपासून, ते तिलाही सांगता येईना. तिनं माउलीला उचलून घेतलं आणि आधी खूप हसली, मग खूप रडली. कारण साहेब येत्या सोमवारी परत येणार होता. कुत्री गेली की दार उघडणार, हाका सुरू होणार आणि पुन्हा उंबरा, वातड भाकरी आणि पाट्यावरचा ठेचा. अकरा वर्षांचं दुखणं तिनं सोसलं होतं, पण तेव्हा न दुखणं कसं असतं हे विसरायला झालं होतं. आता तिला ते आठवलं होतं.

सोमवारी टोपलीत रेशमी गादी पुन्हा घातली गेली. माउली बेबाबाईच्या पदरात दात रुतवून बसली आणि तो सोडवताना फाटला. शालिग्राम कोट घालून भुसावळला गेला.

बंगल्यावर मडमेनं कुत्रीला छातीशी धरलं. साहेबही हसला. शालिग्रामनं संधी साधून वाघिणींचा विषय काढला. साहेबानं शिपायामार्फत विचारलं, "स्टेशनात नाव नोंदवलंय का?" शालिग्राम म्हणाला, नोंदवलंय. "मग नंबर लागला की मिळतील," साहेब म्हणाला. "सगळ्यांना तशाच मिळतात." आणि तो आत गेला. कुत्री पाळून, डॉक्टर करून, दीड महिना घर डोक्यावर घेऊन शालिग्रामला जे मिळालं, ते काही न करणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याच नंबरानं मिळणार होतं.

मडमेनं मात्र एक पत्र्याचा डबा पुढं केला. त्यात लोण्याची जाडजूड बिस्किटं होती. शिपाई म्हणाला, "ज्या बाईनं मॉलीला सांभाळलं, तिला द्यायला सांगितलंय." शालिग्रामनं डबा घेतला आणि गाडीत चढला. राग आला की त्याला भूक लागे. भुसावळ सुटताच त्यानं डबा उघडला. समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि तीन पोरं टक लावून बघत होती. आधी घास त्यांच्यापुढं टाकायची रीत होती, पण त्या दिवशी शालिग्रामला कुणालाही काही द्यावंसं वाटत नव्हतं. उतरायचं स्टेशन येईतो त्यानं डबा रिकामा केला आणि खिडकीतून फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात सुरू झालं. नऊची शिटी झाली, तेव्हा तो तिसऱ्यांदा तांब्या घेऊन परसातून येत होता. स्वयंपाकघरात चुलीपाशी इंदिराबाई स्वतः भाकऱ्या थापत बसल्या होत्या आणि त्या काही त्यांना जमत नव्हत्या.

"हे काय?" शालिग्रामनं विचारलं. "ती कुढी गेली?"

"कोठीच्या खोलीत. कडी लावून बसली. मी म्हनलं, कुत्री तर गेली, आता पथ्य कोनाचं? तर तुझी सून काय म्हनते, ऐक."

कोपऱ्यात सुनंदा खाली मान घालून तांदूळ निवडत होती. ती हळूच म्हणाली, "मामंजी, मी चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यात कुत्री असं कुठंच लिहिलेलं नाही. नुसतं माउली लिहिलंय. आणि जन्मभर."

शालिग्रामनं तोंड उघडलं. पण चिठ्ठी सरकारी डॉक्टरची होती, आणि तिच्यातलं अक्षरही बदलणार नाही हे त्यानंच सगळ्यांदेखत सांगितलं होतं. शिवाय पोटात एवढी मोठी कळ आली की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. वाकत वाकतच तो कोठीच्या खोलीशी गेला. दीड महिन्याची जिभेची सवय, त्या दाराशी उभं राहिल्यावर तोंडातून आपसूक तेच निघालं.

"माउली जेवली का?"

आत वाडग्याचा आवाज झाला. मग बेबाबाई म्हणाली, "जेवून ऱ्हायली. दारात उभं राहू नका."

"अवं, माझ्या पोटात लय दुखून ऱ्हायलं. पीळ पडून ऱ्हायला. काय करू?"

बेबाबाईनं पेजेचा घोट घेतला, सावकाश गिळला आणि वाडगा खाली ठेवला.

"कोनाड्यात डबी हाये," ती म्हणाली. "ओवा चावा."